तंगूस, फ्लोरो की ब्रेड : चोणकासाठी दोरा निवडताना

दर वर्षी १ जूनला यांत्रिक बोटींवर बंदी लागू होते, ट्रॉलर जेटीला लागतात आणि ३१ जुलैपर्यंत तिथेच राहतात. नेमक्या याच दोन महिन्यांत गोव्यातल्या पुलांवर, खाजनांच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनींच्या) बांधांवर आणि मानशींच्या (त्या बांधांतल्या पाणी अडवण्या-सोडण्याच्या दारांच्या) तोंडाशी रॉड घेऊन गरवणाऱ्यांची गर्दी वाढते. यंदा त्या गर्दीत माझा भाचाही सामील झाला. त्याला घेऊन मी म्हापशाच्या एका दुकानात गेलो, तेव्हा रॉड आणि रीळ त्याने पंधरा मिनिटांत पसंत केले, पण दोऱ्याच्या कपाटापाशी तो अडकला तो अडकलाच. एका डबीवर ‘२० एलबी’, दुसरीवर ‘पीई २’, तिसरीवर ‘८एक्स’, चौथीवर ‘१०० टक्के फ्लोरोकार्बन’ असे लिहिलेले होते, आणि सर्वांत स्वस्त व सर्वांत महाग डबीच्या किमतीत कित्येक पटींचा फरक होता. “मामा, ह्यातला बरा कुठला?” असे त्याने विचारले. दुकानदाराने माझ्याआधीच “सगळेच बरे” असे सांगून टाकले. ते उत्तर चुकीचे नव्हते, पण त्याने काम भागण्यासारखे नव्हते.

भाच्याने महिनाभर मोबाइलवर अमेरिकन व्हिडिओ पाहिले होते, आणि त्यांतल्या प्रत्येकात दोरा वेगळा होता. त्याचा गोंधळ उडाला तो मुख्यतः त्यामुळे. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

अमेरिकेचा बास आणि आपला चोणक

त्या व्हिडिओंमधला मासा म्हणजे लार्जमाउथ बास. हा मूळचा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याचा मासा आहे. तो तळ्यांतल्या शेवाळात, बुडालेल्या झाडांच्या खोडांत दबा धरून बसतो आणि जवळून जाणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतो. त्याच्या विक्रमाची गोष्ट रंजक आहे. जॉर्जिया राज्यात १९३२ साली जॉर्ज पेरी यांनी २२ पाउंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे १० किलोंचा बास पकडला, आणि पुढे थेट २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्या विक्रमाशी बरोबरी केली. एका माशामागे इतकी वर्षे इतके लोक लागलेले असल्यामुळे गरवण्याच्या तऱ्हा, नकली मासे आणि दोरे यांचा सर्वाधिक काथ्याकूट त्याच माशाच्या निमित्ताने झाला आहे.

आपल्या नद्यांत तो बास नाही. मात्र आपल्या चोणकाला इंग्रजीत ‘एशियन सी बास’ म्हणतात आणि नावातल्या या साम्यामुळे अनेकांची फसगत होते. दोघांचे नाते दूरचे आहे, पण सवयी बऱ्याच जुळतात: चोणकही आडोशाला थांबून झडप घालतो, गळाला लागल्यावर पाण्याबाहेर उडी मारून डोके झटकतो आणि संधी मिळताच आडोशाकडे पळतो. फरक आहे तो आडोशात. बासचा आडोसा शेवाळ आणि लाकूड यांचा असतो, तर मांडवी, जुवारी, शापोरा किंवा साळ नदीतल्या चोणकाचा आडोसा म्हणजे खारफुटीची मुळे, मानशीचे दगडी खांब आणि त्यांना चिकटलेली कालवे. अमेरिकन सल्ला गोव्यात जसाच्या तसा चालत नाही तो याच कारणाने, आणि माझ्या मते दोरा निवडताना मासा किती मोठा आहे यापेक्षा दोरा कशाला घासणार आहे, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

दोऱ्याच्या तीन जाती

पहिली जात म्हणजे आपला जुना तंगूस. हा नायलॉनचा एकच अखंड तंतू असतो आणि डबीवर त्याला मोनोफिलामेंट, थोडक्यात मोनो म्हणतात. ड्यूपाँ कंपनीने नायलॉन जगासमोर आणले ते १९३८ साली. तंगूस ताणला की लांबतो. तुटण्याआधी तो आपल्या लांबीच्या २० ते ३० टक्क्यांपर्यंत ताणू शकतो. तो थोडे पाणी पितो आणि भिजल्यावर काहीसा कमजोर होतो, उन्हात वर्षभर राहिला तर ठिसूळ होतो, आणि रिळावर बरेच दिवस गुंडाळलेला असला तर नळीतून काढलेल्या नव्या कॅलेंडरासारखा पुन्हापुन्हा वळत राहतो. एवढे दोष असूनही तो स्वस्त आहे, त्याची गाठ सहज बसते आणि तो चुका पोटात घालतो.

दुसरी जात फ्लोरोकार्बन. दिसायला हा तंगुसाचा जुळा भाऊ, पण वेगळ्या प्लास्टिकचा. १९७१ साली जपानमधल्या कुरेहा कंपनीने तो आणला. तो पाणी पीत नाही, उन्हाने लवकर खराब होत नाही, तंगुसापेक्षा कडक असतो आणि घासणे अधिक सोसतो. शिवाय तो जड आहे: पाण्याची घनता १ धरली तर नायलॉनची सुमारे १.१४ आणि फ्लोरोची १.७८ भरते. म्हणजे तंगूस जेमतेम, सावकाश बुडतो, तर फ्लोरो निश्चितपणे तळाकडे जातो.

तिसरी जात ब्रेड. पोदेर सायकलवरून आणतो तो हा ब्रेड नव्हे, हा खुलासा गोव्यात केलेला बरा. पॉलिएथिलीनच्या अतिशय मजबूत, केसांहून बारीक तंतूंच्या पेडांची वेणी घातली की हा दोरा तयार होतो. डायनीमा आणि स्पेक्ट्रा ही त्या तंतूंची प्रसिद्ध नावे. चार पेडांची वेणी असेल तर ‘४एक्स’, आठ पेडांची असेल तर ‘८एक्स’. आठपेडी दोरा गुळगुळीत असतो आणि रॉडच्या कड्यांतून आवाज न करता सरकतो. चारपेडी खरखरीत असतो, पण त्याचे पेड जाड असल्यामुळे घासल्यावर थोडा अधिक टिकतो. ब्रेडची घनता ०.९७ असल्याने तो तरंगतो, आणि तो फक्त तीन-चार टक्केच ताणला जातो. थोडक्यात, तंगूस ही इलॅस्टिक आणि ब्रेड ही पायजम्याची नाडी.

डबीवरचे आकडे

‘एलबी’ म्हणजे पाउंड; एक पाउंड सुमारे ४५४ ग्रॅमचा. २० पाउंडचा दोरा म्हणजे साधारण ९ किलोंच्या सरळ ओढीला तुटणारा, आणि ३० पाउंडचा १३.६ किलोंच्या. ‘पीई’ हा पॉलिएथिलीनचा जपानी क्रमांक आहे आणि तो ताकद नव्हे तर जाडी सांगतो. पीई १ म्हणजे ९००० मीटर लांबीला २०० ग्रॅम वजन भरणारा दोरा, पीई २ म्हणजे त्याच्या दुप्पट वजनाचा. पीई २ चा बऱ्यापैकी दोरा साधारण ३० पाउंडच्या आसपास असतो, पण उत्पादकागणिक यात फरक पडतो, म्हणून दोन्ही आकडे पाहावेत.

जाडीचा फायदा कुठे होतो ते २० पाउंडच्या तुलनेत कळते. तेवढ्या ताकदीचा तंगूस सुमारे ०.४ मिलिमीटर जाड असतो, तर ब्रेडला ६ पाउंडच्या तंगुसाची जाडी पुरते. बारीक दोरा दूर जातो, वाऱ्याने आणि ओहोटीच्या ओढीने कमी वाकतो, आणि रिळावर जास्त मावतो.

“चार किलोंच्या चोणकासाठी चौदा किलोंचा दोरा कशाला?”

ही शंका रास्त आहे. पाण्यात माशाला स्वतःचे वजन जवळजवळ नसते. दोऱ्यावर येतो तो त्याच्या पोहण्याचा, झटक्यांचा आणि प्रवाहाचा जोर. उघड्या पाण्यात १० पाउंडच्या दोऱ्यावर मोठा मासा दमवून काढता येतो, कारण तिथे पळू द्यायला जागा असते. खारफुटीजवळ ती जागा नसते. पहिल्या दोन सेकंदांत मासा मुळांपासून ओढून दूर आणायचा असतो, आणि जास्तीची ताकद त्या दोन सेकंदांसाठी घ्यायची असते.

इथे ड्रॅगचा संबंध येतो. ड्रॅग म्हणजे रिळाची ती व्यवस्था, जी ठरावीक ओढीनंतर दोरा आपोआप सुटू देते. प्रेशर कुकरची शिटी समजा. साधारण नियम असा की ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश एवढा ठेवावा. ३० पाउंडच्या दोऱ्यासाठी तो साडेतीन ते साडेचार किलो येतो. बॅगा तोलायचा हातकाटा दोऱ्याच्या टोकाला अडकवून तो मोजता येतो, आणि एकदा मोजून पाहिल्यावर आपण आजवर केवढ्या अंदाजाने चाललो होतो, हे लक्षात येते.

तऱ्हेप्रमाणे दोरा

पाण्याच्या पृष्ठभागावर ‘पॉप’ आवाज करत नाचणारा नकली मासा वापरायचा असेल, तर तरंगणारा किंवा निदान सावकाश बुडणारा दोरा हवा. बासवाले इथे ब्रेड किंवा मोनो वापरतात आणि फ्लोरो टाळतात, कारण बुडणारा दोरा त्या नकली माशाचे नाक खाली ओढतो आणि त्याचा नाच बिघडतो. दाट शेवाळावरून रबरी बेडूक ओढायचा असतो तेव्हा ते ५० ते ६५ पाउंडचा ब्रेड घेतात. बारीक, ताठ ब्रेड शेवाळ कापत येतो आणि मासा शेवाळाच्या गठ्ठ्यासह बाहेर काढता येतो.

खोल डुबकी मारणाऱ्या, पुढे जीभ असलेल्या नकली माशासाठी, ज्याला क्रँकबेट म्हणतात, ते १० ते १२ पाउंडचा फ्लोरो पसंत करतात. दोरा बारीक आणि बुडणारा असला की तो नकली मासा अधिक खोल जातो. काही जण मुद्दाम तंगूस वापरतात, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अशा नकली माशाला तीन टोकांच्या लहान गरी असतात, त्या माशाच्या तोंडाच्या कडेला वरवर लागतात आणि जोरात ओढले तर फाटून सुटतात. तंगुसाचा ताण तो झटका मुरवतो. चोणक उडी मारून डोके झटकतो तेव्हाही हेच घडते, म्हणून ब्रेड वापरणाऱ्याने ड्रॅग थोडा सैल आणि रॉडचे टोक थोडे मऊ ठेवावे; दोऱ्यात नसलेली लवचीकता दुसरीकडून आणावी लागते.

मानशीच्या तोंडाशी ओहोटीच्या ओढीत शिसे लावलेला रबरी मासा तळाशी उसळवत आणायचा असेल, तर माझ्या मते ब्रेडला तोड नाही. तिथे चाव्याची जाणीव हातापर्यंत पोचणे महत्त्वाचे असते. ४० मीटर तंगूस बाहेर असेल आणि तो एक दशांश जरी ताणला गेला, तरी चार मीटरची ढील पडते, आणि रॉड उचलून आपण टोक जेमतेम दीड मीटर हलवतो. गरी माशाच्या जबड्यात रुतणार कशी? समुद्रात खडकांवर, वीस-तीस मीटर खोल पाण्यात धातूचा जिग (जड नकली मासा) वरखाली करताना गोबऱ्यासाठीही याच कारणाने ब्रेड लागतो.

जिवंत सुंगट (कोळंबी) लावून पुलावरून गरवणाऱ्याला यातले फारसे काही लागत नाही. मासा आमिष तोंडात घेऊन वळेपर्यंत त्याला ओढ जाणवू नये, एवढेच हवे असते आणि ते तंगूस उत्तम करतो. काळुंदरासाठी ६ ते ८ पाउंडचा बारीक तंगूस पुरे. इसवणाला मात्र सुरीसारखे दात असतात; तिथे शेवटी तारच लावावी लागते, मग दोरा कोणताही असो.

कालवांना पाउंड कळत नाहीत

आता माझी स्वतःची फजिती. काही वर्षांपूर्वी मी ४० पाउंडचा नवा ब्रेड घेतला आणि ‘हा काही तुटत नाही’ या समजुतीने नकली मासा थेट ब्रेडलाच बांधला. मांडवीच्या एका फाट्यावरच्या मानशीवर, संध्याकाळची ओहोटी लागताना, तिसऱ्याच फेकीला चोणक लागला. एक उडी दिसली, कल्ल्यांचा खडखडाट ऐकू आला, मासा खांबामागे वळला आणि दोरा एकाएकी हलका झाला. ड्रॅग नीट होता, गाठही पक्की होती.

शेजारी एक म्हातारे काका लाकडाच्या फळकुटाला गुंडाळलेल्या तंगुसाने गरवत बसले होते. त्यांनी माझ्या दोऱ्याचे टोक हातात घेऊन पाहिले आणि विचारले, “बाबा, तंगूस खंय?” मी म्हणालो, “काका, हो दोरो चाळीस पौंडाचो.” त्यावर ते म्हणाले, “कालवांक पौंड कळनात.”

त्यांनी टोक पाहून निदान केले होते आणि ते कोणालाही शिकता येते. टोक कापसाच्या वातीसारखे फुललेले असेल तर दोरा घासून तुटला. टोकाला डुकराच्या शेपटीसारखी वळी असेल तर गाठ सरकून सुटली. टोक स्वच्छ तुटलेले असेल तर जोर जास्त झाला किंवा आधीच कुठेतरी खाच पडली होती. माझे टोक वातीसारखे होते.

ब्रेडची ताकद त्याच्या शेकडो सूक्ष्म तंतूंत विभागलेली असते. ताठ दोऱ्यावर कालवाची धार फिरली की ते एकामागून एक कापले जातात. मांजा कापणाऱ्यांना हे ठाऊक असते: ढिला मांजा कापायला कठीण, ताणलेला क्षणात जातो. तंगूस किंवा फ्लोरो अखंड आणि जाड असल्याने तो खरवडला जातो, पण लगेच तुटत नाही. चोणकाच्या बाबतीत आणखी दोन धारा आहेत. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते आणि जबडा आतून पॉलिश पेपरसारखा खरखरीत. म्हणून ब्रेडच्या टोकाला मीटर-दीड मीटर जाड तंगूस किंवा फ्लोरो जोडतात. त्याला लीडर म्हणतात, आणि काकांनी ‘तंगूस खंय’ म्हणून विचारले ते याच तुकड्याबद्दल. ३० पाउंडच्या ब्रेडला ४० पाउंडचा लीडर नदीत पुरतो. खांबांच्या अगदी जवळ किंवा तांबोशीच्या मागावर असाल तर ५० ते ६० पाउंडचा घ्यावा, कारण तांबोशी लागताच थेट बिळाकडे सूर मारते.

“फ्लोरो पाण्यात दिसत नाही, म्हणून घ्यावा ना?”

जाहिरातीत हेच सांगितलेले असते आणि त्यात तथ्याचा अंश आहे. प्रकाश पाण्यातून दुसऱ्या पदार्थात शिरताना किती वळतो, यावर तो पदार्थ किती उठून दिसतो हे ठरते. त्याचे माप पाण्यासाठी १.३३, फ्लोरोसाठी १.४२ आणि नायलॉनसाठी सुमारे १.५३ आहे. फ्लोरो पाण्याच्या अधिक जवळ आहे, पण पाण्याइतका नाही. म्हणजे कमी दिसतो, अदृश्य होत नाही.

आणि जुलैमधली मांडवी डोळ्यांसमोर आणा. लाल माती वाहून आणणाऱ्या त्या पाण्यात स्वतःचा बुडालेला हात दिसत नाही, तिथे दोरा दिसतो की नाही याची चिंता निरर्थक आहे. पावसाळ्यात फ्लोरोचे पैसे द्यायचे ते त्याच्या कडकपणाचे. पृष्ठभागावरचा नकली मासा असेल तर लीडरही तंगुसाचाच बरा, कारण तो नाक खाली ओढत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत आग्वादच्या खडकांवर पाणी निवळते, तेव्हा मात्र कमी दिसण्याचा काही उपयोग होऊ शकतो.

‘फ्लोरो ताणत नाही’ हा दुसरा समज तर सरळ चुकीचा आहे. जोराची ओढ बसली की तोही बऱ्यापैकी ताणतो. कडक असल्यामुळे हाताला तसे वाटत नाही, इतकेच.

“आमचे आजोबा तंगुसावरच चोणक काढत”

काढत होते, आणि आजही लोक काढतात. पण ते हाताने गरवत. दोरा दहा-पंधरा मीटरच बाहेर असे, तो ६० पाउंडच्या पुढचा असे, आणि तो दूर फेकायचा नसे. तेवढ्या लांबीत ताण फार पडत नाही आणि जाडीची अडचण होत नाही. रॉड-रिळावर तोच जाड तंगूस लावला तर तो वळ्यावळ्यांनी उसळतो आणि नकली मासा वीस मीटरही जात नाही. साधन बदलले की दोऱ्याचे गणित बदलते. ज्याला नुकतेच रिळावर शिकायचे आहे, त्याने पहिले दोन-तीन महिने १२ ते १५ पाउंडच्या तंगुसावर हात बसवावा, असे मी अजूनही सांगतो. ब्रेडचा गुंता वाऱ्यात एकदा पडला की तो सोडवताना भरती येऊन जाते.

गाठ आणि निगा

ब्रेड निसरडा असतो, त्यामुळे तंगुसाला चालणाऱ्या साध्या पिळाच्या गाठी त्यावरून सरकतात. नकली मासा थेट ब्रेडला बांधायची वेळ आलीच तर पालोमार गाठ धरते. ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी गाठ सर्वांत सपाट बसते, पण ती शिकायला वेळ लागतो, तोवर दुहेरी युनी गाठीने भागते. कोणतीही गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करावी. कोरडा दोरा स्वतःवर घासला की तापतो, तळहातातून रहाटाचा दोर सुटला की कातडी जळते तसा, आणि गाठीपाशीच दुबळा होतो.

रिळाच्या गुळगुळीत फिरकीवर ब्रेड थेट गुंडाळला तर तो सगळाच्या सगळा गोल फिरतो. आधी चार-पाच मीटर तंगूस गुंडाळावा आणि त्यावर ब्रेड, फिरकीची कड दोन-तीन मिलिमीटर मोकळी राहील इतका. खाऱ्या पाण्यातून आल्यावर रीळ गोड्या पाण्याने हलकेच धुवावे. ब्रेडचे टोक विटले की सगळा दोरा टाकायची गरज नसते. तो उलटा गुंडाळला की आतली न वापरलेली बाजू वर येते. लीडरवर दर काही फेकींनंतर नख फिरवावे, आणि खरखर लागली तर तेवढा भाग कापून गाठ नव्याने बांधावी. कापलेले तुकडे पाण्यात टाकू नयेत. नायलॉन कुजत नाही, आणि खारफुटीत बगळ्यांच्या पायांना गुंडाळलेला तंगूस मी पाहिला आहे.

भाच्याने शेवटी पीई २ चा आठपेडी ब्रेड १५० मीटर, ४० पाउंडच्या फ्लोरोचे एक छोटे रीळ आणि खालच्या गुंडाळीसाठी स्वस्तातला तंगूस घेतला. पुढच्या रविवारी आम्ही त्याच मानशीवर गेलो. तासभर काहीच लागले नाही. मग एकदा नकली मासा खांबापाशी अडकून सुटला, तेव्हा मी सांगण्याआधीच त्याने लीडरवरून नख फिरवले, वीतभर तुकडा कापला आणि तो गुंडाळून खिशात टाकला.